मालाबोचा पैसा, मालिबूचा बंगला

शंभर डॉलरच्या एका नोटेचं वजन साधारण एक ग्रॅम असतं. तीस लाख डॉलर रोख न्यायचे तर तीस हजार नोटा लागतात आणि त्यांचं वजन भरतं जवळपास तीस किलो. असं ओझं सुटकेसमध्ये भरून वॉशिंग्टनमधल्या रिग्ज बँकेत दोनदा आणलं गेलं. नोटा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या. बँकेनं त्या मोजल्या, जमा केल्या आणि पावती दिली. अशा संशयास्पद भरण्याची वर्दी सरकारला देणं कायद्यानं बंधनकारक होतं. ती दिली गेली नाही.

रिग्ज ही काही गल्लीबोळातली पतपेढी नव्हती. अब्राहम लिंकनचं खातं या बँकेत होतं. वॉशिंग्टनमधल्या बहुतेक परदेशी वकिलाती तिच्या ग्राहक होत्या. राष्ट्राध्यक्षांची बँक हे बिरुद ती अभिमानानं मिरवायची. त्या सुटकेसमधला पैसा ज्या खात्यात गेला, ते खातं होतं इक्वेटोरियल गिनी या छोट्या आफ्रिकी देशाचे अध्यक्ष तिओदोरो ओबियांग यांच्या कंपनीचं. ‘ओटाँग’ नावाची ही कंपनी बहामा बेटांवर नोंदलेली होती आणि ती काढायला मदत खुद्द रिग्जनंच केली होती. ओबियांग आणि त्यांच्या पत्नीच्या ताब्यातल्या खात्यांत काही वर्षांत जवळपास १ कोटी ३० लाख डॉलर रोखीनं भरले गेले.

हा देश आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. मराठी वाचकानं त्याचं नाव ऐकलं असेल तर बहुधा २०२२ मध्ये. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘हिरोइक इदुन’ हे तेलवाहू जहाज तिथल्या नौदलानं अडवलं. त्यावरच्या २६ खलाशांपैकी १६ भारतीय होते आणि त्यांच्या सुटकेसाठी घरच्यांना इथे सरकारदरबारी खेटे घालावे लागले. गिनीच्या आखातात काही बेटं आणि मुख्य भूमीवर जंगलानं भरलेला एक चौकोनी तुकडा, मिळून सुमारे २८ हजार चौरस किलोमीटर. ज्या काळाची ही गोष्ट, त्या काळी राजधानी मालाबो, सर्वांत मोठ्या बेटावर. स्पेनची ही वसाहत १९६८ मध्ये स्वतंत्र झाली आणि लगेच फ्रान्सिस्को मासियास या क्रूर हुकूमशहाच्या हाती सापडली. १९७९ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या पुतण्यानं, म्हणजे ओबियांगनं, बंड करून सत्ता घेतली आणि काकाला गोळ्या घालून ठार केलं. ती सत्ता अजून त्यांच्याच हातात आहे. राजघराण्यांतले राजे वगळले तर आज जगात इतका काळ राष्ट्रप्रमुखपदी टिकलेला दुसरा माणूस नाही.

१९९५ मध्ये मोबिल कंपनीला इथल्या समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला. देशाची लोकसंख्या तेव्हा काही लाखांची. हिशेब सोपा होता: तेलाचा पैसा नीट वापरला असता तर एका पिढीत प्रत्येक गावात शाळा, दवाखाना आणि नळाचं पाणी पोचलं असतं. दरडोई उत्पन्न पुढे आफ्रिकेत सर्वांत वरच्या रांगेत गेलंही. पण २००६ मध्ये घराघरांची पाहणी झाली, तेव्हा चारपैकी तीन माणसं दारिद्र्यात जगत असल्याचं दिसलं. मुलांच्या लसीकरणात हा देश जगाच्या यादीत अगदी तळाशी होता. तेल विकलं जात होतं, डॉलर येत होते आणि वाटेतच वळत होते. ते वॉशिंग्टनकडे वळत होते.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. परदेशातला भ्रष्टाचार म्हटलं की आपल्या नजरेसमोर हुकूमशहा येतो आणि आपण म्हणतो, त्या देशाचं नशीबच फुटकं. पण हुकूमशहाच्या हातात पैसा आला म्हणून चोरी पूर्ण होत नाही. मालाबोत चोरलेल्या पैशानं मालाबोत काय घेणार? तिथलं न्यायालय त्याच्याच खिशात आहे, म्हणजे उद्या त्याला हटवणाऱ्याच्याही खिशात असेल. तिथली बँक, तिथली जमीन, तिथला कागद यांतलं काहीच त्याला वाचवणार नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्यानं स्वतःच्या हातानं काकाची सत्ता हिसकावलेली असते. म्हणून ज्यानं स्वतःच्या देशात कायदा मोडीत काढला, त्यालाच दुसऱ्या देशातला मजबूत कायदा हवा असतो. जिथे खासगी मालमत्तेला कुणी हात लावत नाही, जिथे न्यायाधीश विकत मिळत नाही, जिथे बँक बुडत नाही, अशा जागी तो पैसा नेतो. म्हणजे वॉशिंग्टनला, पॅरिसला, जिनिव्हाला, लंडनला. आणि तिथे दार उघडायला कुणीतरी लागतंच.

रिग्जनं ते उघडलं. अमेरिकी सेनेटच्या चौकशी उपसमितीनं जुलै २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा सगळा व्यवहार आला आहे, आणि तो वाचताना राग आवरत नाही. इक्वेटोरियल गिनीचं सरकार, अधिकारी आणि त्यांचे नातलग यांची साठाहून जास्त खाती रिग्जमध्ये होती. त्यांत एकूण ४० ते ७० कोटी डॉलर असायचे. २००३ पर्यंत हा देश बँकेचा सर्वांत मोठा ग्राहक झाला होता. अमेरिकी तेल कंपन्या देशाला जे पैसे देत, ते एका खास खात्यात येत. त्या खात्यातून पैसे काढायला दोन सह्या लागत. एक अध्यक्षांची, दुसरी त्यांच्या मुलाची किंवा पुतण्याची. देशाची तिजोरी एका घराच्या सहीवर चालत होती आणि बँकेला त्यात काही वावगं वाटलं नाही.

या तेलखात्यातून साडेतीन कोटी डॉलर अशा दोन कंपन्यांकडे गेले, ज्यांचे मालक कोण हे बँकेला माहीत नव्हतं. त्यांपैकी एकीचं नाव कालुंगा, खातं स्पेनमधल्या सांतान्देर बँकेत. सेनेटची चौकशी सुरू झाल्यावर रिग्जनं स्पेनला विचारणा केली, तेव्हा उत्तर आलं की स्पेनच्या बँक-गोपनीयतेच्या कायद्यामुळे मालकाचं नाव सांगता येत नाही. देश आफ्रिकेतला, तेल काढणारी कंपनी अमेरिकी, बँक अमेरिकी, पैसा पोचला युरोपात. आणि ज्याचा तो पैसा, त्या मालाबोच्या किंवा बाता शहराच्या माणसाला विचारायला कुठे जागाच नाही.

तेल कंपन्यांचं वागणंही याच अहवालात आहे. जमिनी आणि इमारती त्यांनी अध्यक्षांच्या कुटुंबीयांकडून भाड्यानं घेतल्या, सुरक्षारक्षक त्यांच्याच कंपन्यांकडून घेतले. एका कंपनीनं भाड्यापोटी ४ लाख ४५ हजार ८०० डॉलर अध्यक्षांच्या ज्या नातलगाला दिले, तो १४ वर्षांचा मुलगा होता. अधिकाऱ्यांच्या मुलांच्या परदेशी शिक्षणाचा खर्च कंपन्या करत होत्या. अमेरिकेत १९७७ पासून कायदा आहे की परदेशी अधिकाऱ्याला लाच देणं गुन्हा. पण भाडं, शिष्यवृत्ती, सुरक्षा यांना लाच म्हणून सिद्ध करणं अवघड, आणि या अवघडपणावर बरंच काही पोसलं गेलं.

मग बँकांवर देखरेख करणारं सरकारी खातं काय करत होतं? ते रिग्जला वर्षानुवर्षं तोंडी समज देत होतं. कडक कारवाई टाळत होतं. या खात्याचा जो अधिकारी रिग्जच्या तपासणीचा प्रमुख होता, तो पुढे सरकारी नोकरी सोडून रिग्जमध्येच मोठ्या पदावर रुजू झाला. याला काय म्हणायचं हे मराठी वाचकाला शिकवावं लागणार नाही.

त्याच बँकेत चिलीचा माजी हुकूमशहा ऑगस्टो पिनोशेचीही खाती होती, ४० ते ८० लाख डॉलरची. ऑक्टोबर १९९८ मध्ये पिनोशेला लंडनमध्ये अटक झाली आणि त्याची संपत्ती गोठवण्याचा हुकूम स्पेनच्या न्यायाधीशानं दिला. त्यानंतर रिग्जनं काय केलं, तर खात्यावरचं नाव बदललं. ऑगस्टो पिनोशे उगार्ते या नावातला पिनोशे गळाला. उरले पत्नीचं माहेरचं आडनाव हिरिआर्त आणि त्याच्या आईकडचं आडनाव उगार्ते. अशा नावानं शोधलं तर खातं सापडलंच नसतं. हे काम एखाद्या चुकार कारकुनाचं नव्हतं.

रिग्जला मे २००४ मध्ये अडीच कोटी डॉलरचा दंड झाला. जानेवारी २००५ मध्ये बँकेनं न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि आणखी १ कोटी ६० लाख भरले. त्याच वर्षी पीएनसी या दुसऱ्या बँकेनं तिला गिळलं आणि रिग्ज हे नाव संपलं. पिनोशेच्या छळाला बळी पडलेल्यांसाठी, स्पेनमधल्या खटल्याच्या दबावाखाली, रिग्ज आणि तिच्या मालक कुटुंबानं ९० लाख डॉलर दिले. इक्वेटोरियल गिनीच्या जनतेच्या बाजूनं असा खटला चालवणारा कुणी न्यायाधीश नव्हता. दंडाची रक्कम अमेरिकेच्या तिजोरीत गेली.

एवढं झाल्यावर तरी दार बंद व्हायला हवं होतं. झालं उलटच. आता चित्रात येतो अध्यक्षांचा मुलगा, तिओदोरो न्गेमा ओबियांग मांग. सगळे त्याला तिओदोरिन म्हणतात. तो कृषी आणि वनमंत्री होता. सरकारी पगार वर्षाला एक लाख डॉलरहूनही कमी. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या म्हणण्याप्रमाणे याच काळात त्यानं ३० कोटी डॉलरहून अधिक किमतीची मालमत्ता जमवली. तेलानंतर देशाचं मोठं धन होतं जंगल, आणि जंगल त्याच्या खात्याखाली. लाकूडतोड करणाऱ्या कंपन्यांना परवाना हवा, निर्यातीची मंजुरी हवी, आणि त्यासाठी त्याला पैसे मोजावे लागत, असा आरोप होता. त्याची स्वतःचीही लाकडाची कंपनी होती.

२००६ मध्ये त्यानं कॅलिफोर्नियात, पॅसिफिक महासागराच्या काठावरच्या मालिबूत एक बंगला घेतला. किंमत सुमारे ३ कोटी डॉलर, कर्ज न घेता, एकरकमी. त्याच वर्षी वसंत ऋतूत त्याच्या वडिलांचं वॉशिंग्टनमध्ये स्वागत झालं आणि परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी त्यांना आपला चांगला मित्र म्हटलं. सेनेटचा अहवाल येऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. १९९५ मध्ये बंद केलेली मालाबोतली अमेरिकी वकिलातही तेलाचं महत्त्व वाढल्यावर २००३ मध्ये पुन्हा उघडली होती.

बंगला कागदावर तिओदोरिनचा नव्हता. मालक होती ‘स्वीटवॉटर मालिबू’ नावाची कंपनी. आपल्याकडे शेताचा सातबारा काढला की मालकाचं नाव दिसतं, आणि ते नाव बेनामी असलं तरी निदान एका माणसाचं असतं, ज्याच्या दारात जाऊन विचारता येतं. कॅलिफोर्नियाच्या दफ्तरात दिसत होती फक्त ही कंपनी. कंपनीमागे कोण, हे त्या दफ्तरातून कळत नव्हतं. अमेरिकेत कंपनी काढताना खऱ्या मालकाचं नाव सांगावं लागत नसे; काही राज्यांत ग्रंथालयाचं सदस्यत्व घेण्यापेक्षाही कमी माहितीत कंपनी निघत असे.

या कंपन्या काढून देणारे होते कॅलिफोर्नियातले वकील. २०१० मध्ये सेनेटच्या त्याच उपसमितीनं दुसरा अहवाल काढला आणि त्यात ही साखळी उलगडली. २००४ ते २००८ या काळात तिओदोरिननं १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम अमेरिकेत आणली. बँका आता त्याच्या नावाला घाबरत होत्या. रिग्जचं झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून पैसा यायचा तो वकिलाच्या खात्यात किंवा वकिलानं काढलेल्या कंपनीच्या खात्यात. एखाद्या बँकेच्या लक्षात आलं की ती खातं बंद करायची, आणि वकील दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडायचा. वकील आणि अशील यांच्यातली गोपनीयता ही आरोपीच्या बचावासाठी जन्माला आलेली उदात्त गोष्ट. तिचा असा वापर पाहिला की खेद होतो.

बंगला घेतला त्याच वर्षी, २००६ मध्ये, त्यानं गल्फस्ट्रीम जातीचं खासगी जेट विमानही घेतलं, ३ कोटी ८५ लाख डॉलरचं. अशा व्यवहारात पैसे मध्यस्थ कंपनीकडे ठेवले जातात. पहिल्या मध्यस्थानं विचारलं, हा पैसा कुठून आला? उत्तर मिळालं नाही, तेव्हा त्यानं व्यवहार नाकारला. या माणसाला कायद्यानं तसं विचारायची सक्ती नव्हती, त्यानं विचारलं. लगेच दुसरा मध्यस्थ पुढे आला, त्यानं काहीच विचारलं नाही आणि विमान विकलं गेलं. सगळ्या प्रकरणात मला हा प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. नकार देणारा एक माणूस पुरेसा नसतो, कारण होकार देणाऱ्याला कायदा मोकळं सोडतो.

ही मोकळीक आली कुठून? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेनं पैशाच्या धुलाईविरुद्ध कडक कायदा केला. त्यात घरांची खरेदी-विक्री करून देणाऱ्यांनाही ग्राहकाची चौकशी करायला लावण्याची तरतूद होती. पण २००२ मध्ये अर्थखात्यानं या व्यवसायाला आणि इतर काहींना तात्पुरती सूट दिली. ही तात्पुरती सूट दोन दशकांहून जास्त टिकली. बँकेनं दार लावलं तरी शेजारच्या घराचं दार सताड उघडं राहिलं.

पॅरिसमध्येही हेच चाललं होतं, जास्त थाटात. ४२, अव्हेन्यू फॉश. आर्क द त्रियोंफपासून निघणारा हा रस्ता शहरातल्या सर्वांत श्रीमंत पत्त्यांपैकी एक. तिथला १०१ खोल्यांचा वाडा कागदोपत्री पाच स्विस कंपन्यांच्या मालकीचा होता आणि त्या कंपन्या तिओदोरिनच्या होत्या. त्याची किंमत पुढे १० कोटी युरोंहून अधिक ठरली. फॅशन डिझायनर इव्ह सें लोराँच्या संग्रहाचा २००९ मध्ये पॅरिसमध्ये लिलाव झाला, त्यातल्या १०९ वस्तूंसाठी १ कोटी ८० लाख युरोंहून अधिक रक्कम त्याच्याकडून गेली.

इथे मात्र सरकारनं नव्हे, नागरिकांनी पाऊल उचललं. ‘शेरपा’ ही वकिलांची संस्था आणि तिच्यासोबत काही संघटना यांनी २००७ मध्ये तक्रार केली की गॅबन, काँगो आणि इक्वेटोरियल गिनीच्या सत्ताधारी कुटुंबांनी जनतेच्या पैशातून फ्रान्समध्ये मालमत्ता घेतली आहे. पोलिसांना घरं, गाड्या, बँक खाती सापडली. तरीही सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केलं. यांतल्या काही देशांशी फ्रान्सचे तेलाचे, लष्करी तळांचे, जुने वसाहतकालीन संबंध गुंतलेले होते. २००८ मध्ये ‘ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल’च्या फ्रेंच शाखेनं पुन्हा दार ठोठावलं. सरकारी वकिलांचा आक्षेप एकच: लूट झाली ती आफ्रिकी जनतेची, पॅरिसमधल्या एका संस्थेला त्यात तक्रार करण्याचा हक्क काय? अपील न्यायालयानं हा आक्षेप मान्यही केला. अखेर ९ नोव्हेंबर २०१० रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च फौजदारी पीठानं सांगितलं, हक्क आहे. जगभरच्या अशा लढ्यांत या निकालाचं मोल फार मोठं आहे. ज्या देशात न्यायालय, वर्तमानपत्र आणि विरोधी पक्ष सगळेच गप्प केलेले असतात, तिथल्या जनतेच्या वतीनं लुटीचा पैसा जिथे पोचला त्या देशातल्या नागरिकांना उभं राहता येतं, हे त्यानं मान्य केलं.

सप्टेंबर २०११ मध्ये पोलिसांनी वाड्याच्या आवारातून ११ महागड्या गाड्या उचलल्या. त्यानंतर काही दिवसांतच इक्वेटोरियल गिनीनं कळवलं की ही इमारत आता आमच्या वकिलातीची आहे, सबब तिला हात लावता येणार नाही. तिओदोरिननं कंपन्यांचे समभाग आपल्याच सरकारला विकल्याचं दाखवलं होतं. म्हणजे जनतेच्या पैशानं घेतलेला वाडा जनतेला पुन्हा विकला. २०१२ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी वाडा धुंडाळला आणि ट्रक भरभरून फर्निचर, चित्रं, उंची मद्य बाहेर काढलं. त्याच वर्षी बापानं मुलाला देशाचा दुसरा उपाध्यक्ष केलं. पुढे इक्वेटोरियल गिनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेली. तिथे ११ डिसेंबर २०२० रोजी निकाल लागला की या इमारतीला वकिलातीचा दर्जा कधीच मिळालेला नव्हता.

दरम्यान पॅरिसच्या न्यायालयानं ऑक्टोबर २०१७ मध्ये तिओदोरिनला दोषी ठरवलं. तीन वर्षं कैद, पण स्थगित. तीन कोटी युरो दंड, तोही स्थगित. वाडा आणि मालमत्ता जप्त. २०२० मध्ये अपिलात दंड प्रत्यक्ष भरायचा ठरला आणि २८ जुलै २०२१ रोजी शेवटच्या पायरीवर तो कायम झाला. पहिल्या तक्रारीपासून १४ वर्षं लागली होती. तुरुंगाची पायरी त्याला चढावी लागली नाही, पण परदेशी सत्ताधाऱ्याला पदावर असतानाच अशी शिक्षा होणं ही साधी गोष्ट नव्हती. त्याच ऑगस्टमध्ये फ्रान्सनं कायदा केला की अशी जप्त संपत्ती फ्रान्सच्या तिजोरीत न मुरवता मूळ देशातल्या लोकांच्या विकासासाठी, शक्य तितकी त्यांच्या जवळ, परत जावी.

स्वित्झर्लंडनं वेगळा रस्ता धरला. जिनिव्हाच्या सरकारी वकिलांनी २०१६ मध्ये त्याच्या २५ गाड्या जप्त केल्या. नुकसान भरून दिलं तर खटला थांबवता येतो, अशी तिथल्या कायद्यात सोय आहे. तिचा आधार घेऊन २०१९ मध्ये खटला बंद झाला आणि गाड्यांचा लिलाव झाला. एकट्या लँबोर्गिनी व्हेनेनोला ८० लाख स्विस फ्रँकहून अधिक किंमत आली. लिलावाचे पैसे इक्वेटोरियल गिनीतल्या सामाजिक कामांसाठी राखून ठेवले गेले. लंडननं २०२१ च्या जुलैमध्ये त्याच्यावर निर्बंध घातले आणि मालाबोनं चिडून लंडनमधली आपली वकिलात बंद करण्याची घोषणा केली.

लंडनचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगायला हवं. नायजेरियाचा लष्करशहा सानी अबाचा १९९८ मध्ये मेला; त्यानं देशाच्या मध्यवर्ती बँकेतून लुटलेला पैसा युरोपभर पसरला होता. ब्रिटनच्या नियामक संस्थेनं चौकशी केली आणि २००१ मध्ये जाहीर केलं की १९९६ ते २००० या काळात २३ बँकांतून अबाचाशी संबंधित खात्यांतले १३० कोटी डॉलर फिरले. त्यांतल्या १५ बँकांची तपासणी व्यवस्था गंभीररीत्या कमकुवत होती. त्या २३ बँकांपैकी एकीचंही नाव तिनं सांगितलं नाही. चोराचं नाव जगजाहीर, आणि चोरीचा माल ठेवून घेणाऱ्याची अब्रू झाकलेली. मला हे अक्षम्य वाटतं.

आता परत अमेरिकेकडे. न्याय खात्यानं २०११ मध्ये तिओदोरिनच्या मालमत्तेवर दावे दाखल केले. अमेरिकी कायद्यात गुन्ह्याच्या पैशातून आलेल्या वस्तूवरच दावा लावता येतो. माणूस हाती लागला नाही तरी चालतं. म्हणून एका दाव्याचं नाव अमेरिका विरुद्ध एक पांढरा, स्फटिक जडवलेला हातमोजा आणि मायकल जॅक्सनच्या इतर वस्तू, असं होतं. जॅक्सननं ‘बॅड’ दौऱ्यात घातलेला तो मोजा तिओदोरिननं २ लाख ७५ हजार डॉलरला घेतला होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये तडजोड झाली. गुन्हा कबूल करावा लागला नाही. मालिबूचा बंगला, एक फेरारी आणि जॅक्सनचे सहा पुतळे विकायचे ठरले. मोजा आधीच अमेरिकेबाहेर गेला होता, आणि विमानही त्याच्याकडेच राहिलं.

तडजोडीतला मोठा हिस्सा इक्वेटोरियल गिनीच्या जनतेसाठी खर्च व्हायचा होता. पण तो पोचवायचा कुणाकडून? सरकारच्या हाती दिला तर पुन्हा त्याच घरात जाणार. विश्वासाची संस्था ठरवण्यात सात वर्षं गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये अखेर २ कोटी ६६ लाख डॉलर मोकळे झाले. त्यांतले १ कोटी ९२ लाख ५० हजार संयुक्त राष्ट्रांमार्फत कोविडच्या लशींसाठी गेले आणि ६३ लाख ५० हजार औषधं आणि दवाखान्याचं साहित्य पाठवणाऱ्या एका अमेरिकी संस्थेकडे. ज्या देशात मुलांना साध्या लशी मिळत नव्हत्या, तिथे बंगल्याच्या पैशातून लशी पोचल्या. या एका गोष्टीसाठी तरी इतक्या वर्षांची झटापट सार्थकी लागली, असं मी मनापासून म्हणेन. पण १० कोटी आत आले होते आणि जनतेच्या वाट्याला आले अडीच कोटींच्या आसपास, हेही विसरता येत नाही.

आणि दारांचं काय झालं? काही काळ ती खरंच बंद होत होती. अमेरिकेनं २०१० मध्ये अशा परदेशी लुटीच्या शोधासाठी न्याय खात्यात खास पथक नेमलं. तिओदोरिनवरची कारवाई त्याच पथकाची. जानेवारी २०२१ मध्ये कायदा झाला की कंपन्यांनी खऱ्या मालकाचं नाव सरकारला कळवावं. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर, मार्च २०२२ मध्ये, ब्रिटननं परदेशी कंपन्यांच्या नावावरच्या घरांचे खरे मालक नोंदवण्याचा कायदा केला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत घरांच्या एकरकमी खरेदीसाठीही नियम ठरला. पण याच काळात चक्र उलटंही फिरू लागलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयानं मालकांच्या नोंदवह्या सामान्य लोकांना सरसकट खुल्या ठेवणं गोपनीयतेच्या हक्कावर अतिक्रमण ठरवलं, आणि अनेक देशांनी त्या बंद केल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं ते खास पथकच बरखास्त केलं. मार्चमध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या सर्व कंपन्यांना खरा मालक कळवण्यातून सूट मिळाली. घरखरेदीचा नियम पुढे ढकलला गेला.

पॅरिसच्या खटल्यात आरोपी होता तो एकटा तिओदोरिन. वाडा विकणारे, कंपन्या चालवणारे, पैसे स्वीकारणारे आरोपींच्या यादीत नव्हते. परदेशातला काळा पैसा परत आणू, असं आश्वासन आपल्याकडेही दर निवडणुकीत ऐकू येतं. ते देणाऱ्याला प्रत्येक वेळी एवढंच विचारावं: हा पैसा तिकडे ज्यांनी ठेवून घेतला, ती बँक, तो वकील, तो मध्यस्थ कोण, आणि त्यांच्यावर कारवाई करा असं तुम्ही त्या देशाच्या सरकारला कधी लेखी सांगितलं आहे का?